‘एका सिटिंगमध्ये मुरमांचे खड्डे गायब’? तसं होत नाही

फोंडा-डिचोलीकडच्या आमच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मुरमांचे खड्डे एकाच लेझर सिटिंगमध्ये मुळासकट जातात, कुठल्याही त्वचेला चालतं, दुसऱ्या दिवशी कामावर जा. चतुर्थीआधी करून घ्या!’ भाचीने तो मला पाठवून विचारलं, ‘मावशी, करू?’ मी स्वतः ४ सिटिंग घेतली आहेत. तिला जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

‘मुळासकट जातात.’ नाही. मुरमाच्या सुजेने आतल्या थरातलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, नष्ट होतं आणि वरची त्वचा खचते. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर त्या जागी अगदी बारीक भोकं पाडतो, पण मधली त्वचा शाबूत ठेवतो. ती जखमा भरून काढते आणि भरता भरता नवं कोलॅजन धरतं. खड्डा उथळ होतो, कडा बोथट होतात, एवढंच. खिडकीतून तिरका उजेड पडला की माझे खड्डे आजही दिसतात. समोरून मात्र पटकन लक्षात येत नाहीत. मला हा फरक मोलाचा वाटतो, पण त्याला ‘गायब’ म्हणत नाहीत.

‘एकाच सिटिंगमध्ये.’ साधारण ३ ते ६ लागतात, दोहोंत महिना-दीड महिना सोडून. कोलॅजन त्यानंतरही काही महिने भरत राहतं. चतुर्थीचा हिशेब तिथेच चुकतो.

शिवाय खड्डे एका जातीचे नसतात. सुईने टोचल्यासारखे अरुंद, खोल असतील तर लेझर कमी पडतो. तिथे डॉक्टर काडीच्या टोकाने तीव्र टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक) ॲसिड टिपतात. लाटांसारखे पसरट असतील तर त्वचेला खाली ओढून धरणारे तंतू सुईने सोडवावे लागतात. भाचीच्या गालावरून मी बोट फिरवलं, तर गाल सपाट! तिचे खड्डे नव्हतेच, तपकिरी डाग होते. असे डाग बहुधा काही महिन्यांत आपोआप फिके होतात, उन्हापासून जपलं तर.

‘कुठल्याही त्वचेला चालतं.’ या वाक्याचा मला खरा राग येतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला जखम झाली की ती सहज काळवंडते. लेझर म्हणजे मोजूनमापून केलेली जखमच. म्हणून आपल्याकडे ऊर्जा बेताने ठेवावी लागते आणि ऊन कटाक्षाने टाळावं लागतं. माझं दुसरं सिटिंग एप्रिलअखेरीस झालं. सहाव्या दिवशी तोंडाला ओढणी न बांधता स्कूटरने डिचोलीहून पणजीला गेले, दुपारी १२ वाजता. आठवड्याभरात दोन्ही गालांवर काळसर ठिपक्यांची जाळी उमटली. ती जायला अख्खा पावसाळा लागला. गोव्यात लेझर करायचा तर सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लावायची आणि समुद्रावर जाणं काही आठवडे विसरायचं.

‘दुसऱ्या दिवशी कामावर.’ दुसऱ्या दिवशी माझे डोळे सुजले होते, चेहरा लालभडक होता. मग बारीक तपकिरी खपल्या धरल्या. हात फिरवला तर पॉलिशपेपरसारखं लागायचं. आठवडा गेला.

मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा ओठांवर नागीण उठत असेल, तर तेही डॉक्टरांना आधी सांगायचं. मेसेजमध्ये याबद्दल अक्षर नाही.

भाचीच्या हनुवटीवर अजून दोन ताजे, ठणकणारे मुरूम आहेत. नवे येत राहिले तर नवे डाग पडत राहणार, खड्डेही पडू शकतात. सोमवारी आम्ही दोघी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात जातोय, आधी तेवढे थांबवायला.