मायकेलअँजेलो आणि रेशमी उशीवरचा पॉमेरेनियन

ही पोस्ट अधूनमधून फिरत येतेच. सिस्टीन चॅपेलचं छत रंगवताना मायकेलअँजेलोचा पॉमेरेनियन कुत्रा रेशमी उशीवर बसून धन्याचं काम बघायचा म्हणे. ही जात इटलीच्या राजघराण्यांच्या मांडीवरच वाढली आणि राणी व्हिक्टोरियाने ती फ्लॉरेन्सहून इंग्लंडात आणली, असंही पुढे असतं.

आधी उशी. छताचं काम 1508 ते 1512 चाललं, जमिनीपासून वीसेक मीटर उंच परांचीवर. त्या हालांवर मायकेलअँजेलोने स्वतःच कविता केली आहे: दाढी आभाळाकडे, कुंचल्यातला रंग तोंडावर ठिबकतोय. कवितेशेजारी उभ्याने रंगवणाऱ्या माणसाचं रेखाटनही आहे. त्यात ना कुत्रा, ना उशी. त्याच्या हयातीतच चरित्र लिहिणारा कोंदिव्ही सांगतो, की हा माणूस बूटसुद्धा न काढता झोपायचा! प्राणी भेटतात ते त्याला आलेल्या एका पत्रात. कोंबड्या मजेत आहेत, मांजरं मात्र तुम्ही नाही म्हणून कुरकुरतात, असा मजकूर आहे.

लाडक्या कुत्र्याची दखल दरबारात कशी घेतली जायची? मायकेलअँजेलो परांचीवर होता तेव्हाच, 1511 मध्ये, मांतुआ या इटालियन संस्थानाच्या अधिपतीची बायको इसाबेला द'एस्ते हिची ऑरा ही कुत्री मेली. कवींनी लॅटिन आणि इटालियनमध्ये शोककाव्यं पाडली. इसाबेलाचा मुलगा फेदेरिको गोंझागा याचं तिशियनने केलेलं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. निळा मखमली अंगरखा आणि त्यावर पंजा टेकवलेला पांढरा झुपकेदार कुत्रा. तो बोलोन्यीज किंवा माल्टीज या जातींच्या वळणाचा आहे. पॉमेरेनियनचं टोकदार तोंड आणि उभे कान त्यात शोधूनही सापडत नाहीत.

तसा चेहरा असलेला इटालियन कुत्रा म्हणजे वोल्पिनो. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या यादीत ती स्वतंत्र जात आहे, नराची उंची 27 ते 30 सेंटिमीटर. महालांत तो होताच, पण टस्कनीतल्या शेतकऱ्यांकडे आणि गाडीवानांकडेही राखणीला असायचा. अनोळखी माणूस दिसला की घर डोक्यावर घ्यायचा. (आपल्याकडे ज्याला सर्रास 'पामेरियन' म्हणतात, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, ते वेगळंच.)

व्हिक्टोरियाचं फ्लॉरेन्स मात्र खरं. 1888 मध्ये तिने तिथून मार्को नावाचा छोटा कुत्रा आणला आणि लहान चणीच्या पॉमेरेनियनची हौस पसरली. पण मोठ्या चणीचे पॉमेरेनियन इंग्लंडात त्याआधी शंभरेक वर्षं होते. ते आणले तिच्या आजीने, राणी शार्लटने, आणि तेही जर्मनीतून.