ध्यानाचं ॲप घेण्याआधी फोनची मांडणी बदला

पुण्यात सध्या ध्यानाच्या वर्गांना तोटा नाही. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी श्वासाचं सत्र, हिंजवडीच्या कंपन्यांत जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटून बसणं, आणि उरलेल्यांसाठी ॲप आहेतच. त्यात वाईट काही नाही. पण सकाळी वीस मिनिटं मन गोळा करायचं आणि ते विस्कटणारं यंत्र जसंच्या तसं दिवसभर खिशात बाळगायचं, हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं.

मन चंचल आहे ही तक्रार अर्जुनानेही केली होती. नवीन एवढंच, की आता त्या चंचलतेवर पगारी माणसं काम करतात. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर जास्त चिकाटीने चोच मारत राहतं, आणि दाणे बंद झाले तरी लवकर थांबत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने प्रयोगशाळेत दाखवलं होतं. सोशल मीडियाची फीड अंगठ्याने खाली ओढून ताजं करताना आपण तेच करत असतो: कधी हाताला काही लागतं, बहुतेक वेळा नाही. न संपणारं स्क्रोल डिझायनर अझा रास्किन यांनी 2006 मध्ये तयार केलं आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. पान संपल्यावर 'पुरे आता' म्हणायची जी जागा असायची, ती त्यात गेली. म्हणून 'माझी इच्छाशक्तीच कमी' असं म्हणत स्वतःला कोसणाऱ्या मुलांबद्दल फार वाईट वाटतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये अशी कितीतरी मुलं आहेत.

त्यांच्यासाठी एक गोष्ट. फोन टेबलावर पालथा ठेवून भागत नाही. 2017 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता ते टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा बौद्धिक चाचण्यांत सरस ठरले. नंतरच्या काही प्रयोगांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, हेही खरं. पण फोन लॉकरमध्ये ठेवायला पैसे पडत नाहीत आणि उठून जावं लागतं, तेवढ्यात ओढ बरीचशी ओसरते.

आता मांडणी. सगळी नोटिफिकेशन एका झटक्यात बंद करू नका. बहुतेकांचा बेत इथेच फसतो. संध्याकाळी गॅस सिलेंडरचा किंवा कुरिअरवाल्याचा मेसेज चुकतो आणि रात्री सगळं पुन्हा चालू होतं. शिवाय काही येतच नाही म्हटल्यावर 'काही आलं असेल का' म्हणून हात जास्त वेळा जातो. त्यापेक्षा एक आठवडा नोटिफिकेशन येईल तशी हाताळा. ॲन्ड्रॉइडवर तिच्यावर बोट दाबून धरलं की ती आवाज न करणारी करता येते किंवा बंद करता येते, आणि पुष्कळ ॲपमध्ये ऑर्डरची सूचना ठेवून जाहिरातीची तेवढी काढता येते. माणूस बोलत असेल तर राहू द्या, दुकान बोलत असेल तर बंद. बँकेचे मेसेज आणि ओटीपी यांना हात लावू नका. व्हॉट्सॲपचे ग्रुप आठ तासांसाठी नाही, 'नेहमीसाठी' म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका.

आईवडिलांचा फोन चुकेल ही भीती रास्त आहे. त्यासाठी डू नॉट डिस्टर्बमध्ये ठरावीक माणसांना सूट देता येते. त्याच नंबरवरून पुन्हा आलेला फोनही वाजू देता येतो: ॲन्ड्रॉइडवर 15 मिनिटांच्या आत आला तर, आयफोनवर 3 मिनिटांच्या आत. ही सोय घरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे अडचणीच्या वेळी ते लगेच दुसऱ्यांदा लावतील.

ॲपवर वेळेची मर्यादा लावण्यावर मात्र फार विसंबू नये. मर्यादा संपल्याची पाटी येते, आणि ती ओलांडायची वाटही तिथेच किंवा सेटिंगमध्ये दोन टिचक्यांवर असते. चार दिवसांत अंगठ्याला ती वाट पाठ होते.

एवढं झालं की सजगतेला जागा मिळते. नळ स्टॉपच्या सिग्नलला लाल दिवा लागला की खिशाकडे जाणारा हात नीट पाहा. आधी छातीत किंवा पोटात किंचित अस्वस्थता येते, मग हात हलतो, मग अंगठा, आणि कोणतं ॲप उघडलं हे सगळ्यात शेवटी कळतं. ती पहिली अस्वस्थता ओळखता येणं हाच सराव. तिला घालवायचं नाही. 'आली' इतकं म्हणायचं आणि दोन श्वास सोडायचे. काही वेळा ती तेवढ्यातच विरते. नाही विरली आणि फोन काढला, तरी काढला हे कळून काढला.

घरी ध्यानाला बसायचं तर दहा मिनिटं पुरेत. गजर साध्या घड्याळाचा लावा, फोनचा नको. श्वास सोडताना एक, पुढच्याला दोन, असं दहापर्यंत मोजून परत एकवर यायचं. मोजणी सतरावर गेलेली आढळली, तर ती यांत्रिक झाली आणि मन वेगळीकडे होतं असं समजा. चिडू नका, एकवर या. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे मोजता मोजता श्वास मुद्दाम लांबवला जातो आणि छाती जड होते. तो येईल तसा येऊ द्या. जेवल्यावर लगेच बसलात तर झोपच येणार. ॲपवर 'सलग इतके दिवस' असा आकडा दिसत असेल तर तो बंद करा, कारण तो आकडा पुन्हा फोनकडेच ओढतो.

एकट्याने मात्र हे सगळं होत नाही. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये मांडलं. रात्री साडेनऊला 'उद्या बघू' म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर पडलेला मेसेज घरातल्या गप्पांत असाच अडकून राहतो. मेसेज शेड्यूल करायची सोय ईमेलमध्ये आहे, साहेबांनी ती वापरावी. आणि सोसायटीच्या कमिट्यांना विनंती: गुरुवारी पाणी नाही, लिफ्ट बंद आहे, अशा सूचनांसाठी फक्त ॲडमिन लिहू शकतील असा वेगळा ग्रुप काढा. शुभ सकाळची फुलं दुसऱ्या ग्रुपवर राहू द्या, ज्यांना हवी ते तिथे जातील.