‘एक तारा, इथे बुकिंग करू नका’: तारकर्लीच्या निवास-न्याहारीकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. इतर पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही बुकिंग करताना आडनाव डि'सोझा टाकलं आणि पानावर डेटाबेसचा एरर आला. मग आमच्या जुन्या ‘बुकिंग तपासा’ पानावर नंबराच्या जागी वेगळाच मजकूर टाकून पाहिला, तर दुसऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर दिसले. त्यावरून तुम्ही लिहिलंत की सगळ्यांची कार्डं चोरीला गेली असणार आणि मालकाला त्याचं काही पडलेलं नाही.

एरर आणि मोबाइल नंबर, दोन्ही खरं. कार्डांचं खरं नाही.

याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात; एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा. पाहुण्याने टाकलेला मजकूर उचलून ते पान तसाच डेटाबेसला द्यायच्या वाक्यात चिकटवत होतं. अपॉस्ट्रॉफी, म्हणजे डि'सोझातलं ते वरचं चिन्ह, आला की डेटाबेसला वाटतं नाव इथे संपलं, आणि पुढचं ‘सोझा’ तो हुकूम म्हणून वाचायला जातो. असा हुकूम त्याला ठाऊक नाही, म्हणून एरर. तिथे कुणी खराखुरा हुकूम लिहिला तर मात्र तो निमूट पाळतो. ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीचा २०१५ मध्ये याच वाटेने दीड लाखावर ग्राहकांचा तपशील गेला आणि ४ लाख पौंड दंड झाला. तिथेही विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीची जुनी पानं चालू राहिली होती. आमचं ‘बुकिंग तपासा’ त्याच जातीचं. नवीन सिस्टिम आली तेव्हा मेनूतून गेलं, सर्व्हरवरून गेलं नाही. आता ते काढून टाकलंय.

तुम्ही सुचवलंत की अपॉस्ट्रॉफी आणि ‘सिलेक्ट’, ‘ड्रॉप’ असले डेटाबेसच्या हुकमातले शब्द बंदच करा. सिस्टिम विकणाऱ्यानेही आधी हेच सांगितलं. मी नाही म्हटलं. वसईचे, गोव्याचे कितीतरी डि'सोझा, डि'मेलो आमच्याकडे येतात. त्यांनी आडनाव मोडून लिहायचं का? शिवाय असल्या यादीला चकवणं या धंद्यातल्या लोकांना अवघड नसतं. आता वाक्य रिकाम्या जागा सोडून आधी जातं; नाव, तारीख, नंबर वेगळे जातात. मग नावात काहीही असो, डेटाबेस ते नावच धरतो. प्रोग्रामर याला पॅरामिटराइज्ड क्वेरी म्हणतात. वेबसाइट ज्यात लिहितात त्या पीएचपी भाषेत ही सोय वीस वर्षांपासून आहे. पैसे मोजून घेतलेल्या सिस्टिममध्ये ती का नव्हती, हे विक्रेत्याला लेखी विचारलंय. उत्तराची वाट बघतोय.

एक जागा अशी झाकता येत नव्हती: ‘स्वस्त खोली आधी दाखवा’. तिथे रकान्याचं नाव जातं, आणि ते रिकाम्या जागेत भरता येत नाही. म्हणून दर, मजला आणि खाटा एवढेच पर्याय ठेवले; दुसरं काहीही आलं की पान दर धरून मोकळं होतं. वेबसाइट ज्या लॉगिनने डेटाबेसात शिरते त्याला आधी माहितीची टेबलंच्या टेबलं उडवायची मुभा होती, तीही काढली.

आता कार्ड. पैसे भरायचं पान पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या वेगळ्या कंपनीचं आहे, आमच्याकडे फक्त व्यवहाराचा क्रमांक आणि ‘झाला’ की ‘नाही’ एवढंच येतं. दुकानदाराने कार्डाचा नंबर साठवणं रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केलं आहे. आधार आम्ही वेबसाइटवर मागतच नाही, काउंटरवर बघतो. मोबाइल नंबर मात्र होते, आणि ते मी किरकोळ समजत नाही. ‘खोली रद्द होईल, आत्ता इतके भरा’ असे फोन करणाऱ्यांना पाहुण्याचं नाव, नंबर आणि तारीख एवढंच पुरतं. म्हणून ज्यांची बुकिंगं त्या टेबलात होती त्या सगळ्यांना आम्ही स्वतः फोन केले, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांच्या मुदतीत कळवलं.

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, काय दिसलं तेही सांगतो. त्या पानाचा प्रश्न पत्त्यातच जात असे, त्यामुळे प्रत्येक प्रयत्न नोंदला गेलाय. नेहमीपेक्षा मोठं उत्तर गेलं ते तुमच्या तपासणीच्या वेळी. ओळीने शेकडो विनंत्या मारून माहिती अक्षर अक्षर काढल्याची खूणही नाही. लॉग जेवढा जुना आहे तेवढ्यापुरतंच हे बोलतोय, त्यामागचं छातीठोक सांगत नाही.

राग कशाचा आला ते सांगू? तुम्ही रिव्ह्यूमध्ये पानाचा पत्ता आणि टाकलेला मजकूर शब्दशः छापलात, तेव्हा भोक उघडं होतं. रिसेप्शनवर एक फोन केला असतात तर रात्रीच पान बंद केलं असतं. हीच सिस्टिम किनाऱ्यावरच्या आणखी काही लॉजवाल्यांकडे आहे. माझ्या ओळखीच्यांना मी सांगितलंय, पण सगळ्यांनी दुरुस्ती केलेली नाही. तेव्हा ती एक ओळ तेवढी काढा. तारा एकच ठेवा, बाकीचा मजकूरही राहू द्या.

तुमचं बुकिंग कायम आहे, आडनाव अपॉस्ट्रॉफीसकट. आगाऊ भरलेले परत हवे असतील तर रिसेप्शनला कळवा, कापून न घेता देऊ.