फाशीनंतर महिन्याने पत्र?

आज दुपारी नौपाड्यातून आईचा फोन. भाची मैत्रिणींबरोबर तलावपाळीला निघाली होती, तिला आईने दारातच अडवलं. "आज भगतसिंगांना फासावर चढवलं, आणि तुम्ही गुलाब मिरवणार?" आधार काय, तर सोसायटीच्या ग्रुपवरचा '१४ फेब्रुवारी दिनविशेष'. दरवर्षी फिरतो, मी दरवर्षी सोडून देतो. यंदा घरातच भांडण लावलं त्याने.

भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना लाहोरच्या तुरुंगात फाशी झाली ती २३ मार्च १९३१ ला, संध्याकाळी. ठरली होती २४ ची सकाळ. लोक खवळतील या धास्तीने सरकारने आदल्या दिवशीच उरकली. लाहोरच्या 'ट्रिब्यून'चं २५ मार्चचं पहिलं पान नेटवर सहज सापडतं, त्यावर ही बातमी ठळक आहे. बरं, तेही सोडा. तिघांनी पंजाबच्या गव्हर्नरला लिहिलेलं पत्र २० मार्चचं आहे: आम्ही युद्धकैदी, आम्हाला फाशी नको, गोळ्या घाला. १४ फेब्रुवारीलाच फाशी झाली, तर महिन्याने हे पत्र लिहिलं कोणी?

"मग शिक्षा तरी आज सुनावली असेल," आई. नाही गं, ती ७ ऑक्टोबर १९३० ला.

एक मान्य करतो, नाइलाजाने. मदनमोहन मालवीयांनी व्हाइसरॉयकडे दयेची विनंती केली ती १४ फेब्रुवारी १९३१ ला. जीव वाचवा म्हणून ज्या दिवशी अर्ज गेला, तोच दिवस या लोकांनी फाशीचा करून टाकला! आणि राजगुरू आपल्या खेडचे. तालुक्याचं गाव त्यांच्या नावाने राजगुरूनगर झालं, तरी आपल्याच ग्रुपवर या मेसेजला चोवीस अंगठे.

बाकीचे मुद्दे भरताड. मधुबालाची 'पुण्यतिथी' म्हणे. अहो, १४ फेब्रुवारी १९३३ हा तिचा जन्म. गेली ती २३ फेब्रुवारी १९६९ ला. बेलने 'आज टेलिफोन शोधला' हेही अर्धवट, १८७६ साली या दिवशी त्याचा पेटंटचा अर्ज दाखल झाला. पुलवामा, २०१९, तेवढं बरोबर. त्या जवानांच्या शेजारी असली थाप ठेवताना काहीच कसं वाटत नाही?

आईला 'ट्रिब्यून'चं पान पाठवलं. पाच मिनिटांनी उत्तर आलं: "बरं. पण तिला म्हणावं, आठच्या आत घरी."