पायथनचा फ्लोट सी-मध्ये गेल्यामुळे बिघडत नाही

इंदूरला भंवरकुआंच्या शिकवण्यांना जाणाऱ्या आपल्या मराठी मुलांच्या फोनवर सध्या एक मजकूर फार फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली दशांश संख्या (फ्लोट) सी या भाषेत नेली की बिघडते, म्हणून ती स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, करून पाठवा, सी-मध्ये -१.० मिळालं की एरर समजा. आणि पैशांचा हिशेब असेल तर शेवटी राउंड करून टाका. यातलं एकही विधान पूर्णपणे टिकत नाही. मुलं मात्र त्यावर विसंबून एक्स्टेन्शन (पायथनला जोडायचा सी-मधला भाग) लिहायला बसतात, म्हणून हा खटाटोप.

आधी ‘बिघडते’ हे बघू. सीपायथनमध्ये, म्हणजे सी-मध्ये लिहिलेल्या नेहमीच्या पायथनमध्ये, फ्लोटच्या पोटात सी-चा डबलच (६४ बिटांची दशांश संख्या) असतो. पायफ्लोट_ॲजडबल हे सी-मधलं फंक्शन तो जसाच्या तसा काढून देतं, एकही बिट हलत नाही. पुरावा म्हणून ०.१ + ०.२ चं उत्तर दाखवतात: पायथन ०.३०००००००००००००००४ छापतो, सी ०.३००००० छापतो. पण संख्या दोन्हीकडे तीच आहे. सी-चा %f हा छापण्याचा संकेत दशांशचिन्हापुढची सहाच स्थळं दाखवतो; %.17g लावून बघा, शेवटचा ४ तिथेही दिसेल.

खरी गफलत वेगळीच असते. पायथनकडून आलेल्या किमती सी-मध्ये घेणाऱ्या पायआर्ग_पार्सटपलला ‘d’ (डबल) ऐवजी ‘f’ (सी-चा फ्लोट) हा संकेत दिला की संख्या ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये कोंबली जाते आणि परत पाठवल्यावर ०.१ चं ०.१०००००००१४९०११६१२ होतं. त्याहून वाईट म्हणजे ‘f’ लिहून साठवायच्या जागेचा पत्ता मात्र डबलचा देणं: आठपैकी चारच बाइट भरले जातात आणि हाती कचरा येतो.

-१.० बद्दलचा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो अर्धा खरा आहे. पायफ्लोट_ॲजडबलला संख्या काढता आली नाही तर ते -१.० देतं हे बरोबर. पण -१.० ही एक साधी, वैध संख्याही आहे. समजा, सांवेर रोडवरच्या एखाद्या नमकीनच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक काट्याची वजनं पायथन वाचतो आणि सी-कडे देतो. एक किलोचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणला, शेव तोलली आणि पातेलं उचललं, की काटा -१.००० दाखवणार. ते खरं वजन आहे. फक्त -१.० बघून तुम्ही नल (‘एरर आली’ सांगणारं रिकामं उत्तर) परत केलात, तर एरर मुळात नोंदलेलीच नसल्यामुळे पायथन सिस्टमएरर फेकतो: एक्सेप्शन, म्हणजे एररची नोंद, न लावता नल दिला म्हणून. आणि तपासच केला नाही, तर खरी एरर मागे लटकत राहते आणि भलत्याच ठिकाणी फुटते. म्हणून अट नेहमी जोडीनं लिहायची: उत्तर -१.० आहे आणि एरर नोंदली आहे का हे सांगणारं पायअर_ऑकर्डही होकार देतं, तरच एरर. लुआ या दुसऱ्या भाषेत तर संख्या काढणारं lua_टूनंबर अपयशाला शून्य देतं. तिथे lua_टूनंबरएक्सकडून वेगळा होकार-नकार घ्यावा लागतो.

स्ट्रिंगचं म्हणाल, तर ‘d’ मागणाऱ्या फंक्शनला स्ट्रिंग दिली की सरळ टाइपएरर (चुकीच्या प्रकारची किंमत दिल्याची एरर) येते. मग मुलं सी-मध्ये मजकुराची संख्या करणारं एटीओएफ वापरतात. ते लोकेल, म्हणजे देशाप्रमाणे संख्या लिहिण्याची मशीनवरची पद्धत, बघतं. मुख्य प्रोग्रॅमनं जर्मन लोकेल लावलेलं असेल, तर दशांशचिन्ह स्वल्पविराम ठरतो आणि ‘३.१४’ चे नुसते ३ उरतात. भारतीय लोकेलमध्ये बिंदूच असतो, त्यामुळे इंदूरच्या मशीनवर हे कधी दिसणार नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाकडे दिसेल. मजकूर खरोखरच स्ट्रिंग म्हणून येत असेल, तर पायओएस_स्ट्रिंग_टू_डबल आहे, ते लोकेल बघत नाही.

राउंडचं लवकर उरकतं. राउंड(२.६७५, २) चं उत्तर २.६७ येतं, २.६८ नाही, कारण साठवलेली संख्याच २.६७५ पेक्षा कणभर कमी असते. यावर ‘मग डेसिमल (पायथनचा अचूक दशांश प्रकार) वापरू’ असं उत्तर मिळतं. पायथनच्या हद्दीत ते उत्तम आहे, पण तोच डेसिमल ‘d’ ला दिला की तो मुकाट्यानं डबल होतो, इशारासुद्धा मिळत नाही. रक्कम सी-कडे न्यायची असेल तर रुपयांऐवजी पैशांत मोजा आणि पूर्णांक म्हणून ‘L’ (सी-चा लाँग लाँग हा मोठा पूर्णांक) या संकेतानं पाठवा. डबलमध्ये ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढचा प्रत्येक पूर्णांक अचूक मावेलच असं नाही, लाँग लाँगमध्ये त्याच्या कितीतरी पुढेपर्यंत मावतात.