बलक कोण खाणार?

डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले होते, "दहा-बारा किलो कमी करा, गुडघे दुवा देतील." बिकिनी घालून स्टेजवर उभ्या राहा, असं काही ते म्हणाले नव्हते. ते माझं मीच ओढवून घेतलं.

८२ वरून ६४ किलोवर येईपर्यंत घरचे खूश होते. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या ज्या काकू "अंगाने सुटलीस गं" म्हणायच्या, त्याच "काय खातेस, सांग तरी" म्हणत जिन्यात अडवायला लागल्या. तिथेच थांबले असते तर अब्रूने राहिले असते. पण एके दिवशी जिममध्ये ७० किलोची डेडलिफ्ट मारली, जमिनीवरची दांडी कमरेपर्यंत उचलून. म्हणजे दोन भरलेले सिलिंडर आणि वर बसलेलं एखादं पोर. डोकं फिरलं ते तिथे.

कोच म्हणाला, "नॅचरल बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत उतरा, ताई." नॅचरल म्हणजे इंजेक्शनं-गोळ्या काही नाही, जे कमवायचं ते ताटातून आणि लोखंडातून. काही संघटना तर स्पर्धकाला लाय डिटेक्टरवर बसवून मागच्या दहा वर्षांचा हिशेब विचारतात. मला कसली भीती? दहा वर्षांत चोरून खाल्लं असेल तर ते मुलांच्या डब्यातलं.

खरा घोळ स्वयंपाकघरात झाला. किलोमागे दोन ग्रॅम प्रोटीन, म्हणजे दिवसाला १३०च्या आसपास. एका अंड्याच्या पांढऱ्यात असतं जेमतेम साडेतीन. मी सकाळी आठ अंडी फोडायचे, पांढरं माझ्या तव्यात, आणि वाडग्यात आठ पिवळेधमक बलक माझ्याकडे बघत बसायचे. सासूबाई अंडं खात नाहीत, पण अन्न टाकलेलं त्यांना चालत नाही. "बलक कोण खाणार?" त्या दारातूनच विचारायच्या. उत्तर ठरलेलं होतं. नवऱ्याने चार महिने बलकाची बुर्जी, बलकाचं ऑम्लेट, बलकाचं कालवण निमूट खाल्लं. संसारात याहून मोठा त्याग मी पाहिलेला नाही.

त्यात ऐन वेळी सर्दी झाली. सर्दीच्या काही औषधांत एफेड्रिनच्या जातीचं उत्तेजक असतं, ते स्पर्धेच्या चाचणीत सापडलं तर संपलंच. म्हणून सासूबाईंनी आल्याचा काढा दिला. मी आधी गूळ वजनकाट्यावर ठेवला. पंधरा ग्रॅम. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मापात खोट काढली.

गणपती मध्येच आले. मोदक नुसते वाढले. तेही सोसलं असतं, पण स्पर्धेतल्या माझ्या 'फिगर' गटात परीक्षकांसमोर चार क्वार्टर टर्न, म्हणजे पाव-पाव वळसे, घ्यायचे असतात आणि त्यांचा सराव अंगात भिनला होता. आरतीनंतर 'घालीन लोटांगण' सुरू झालं, सगळे स्वतःभोवती गर्रकन फिरले, आणि मी पाव वळसा घेऊन थांबले. पाठ फुगवली, हसले. परत पाव वळसा. चुलत दिराने टाळ खाली ठेवले.

पण सगळ्यांत कळस म्हणजे टॅन. स्टेजवरच्या झगझगीत दिव्यांत स्नायूंच्या रेघा पुसट होतात, म्हणून आदल्या रात्री अंगाला गडद तपकिरी रंगाचे थरावर थर देतात. आपण मूळच्या गव्हाळ असलो तरी सुटका नाही. आई बघायला आली आणि मटकन खुर्चीत बसली. "लग्नाआधी तीन महिने साय-बेसन चोळलं गं तुला. आणि तू पैसे देऊन काळी झालीस?" तो रंग घामाने ओघळतो, टेकू तिथे उमटतो. आमच्या जुन्या चादरीवर अजून माझी आकृती आहे, पोलिसांनी खडूने काढावी तशी.

स्पर्धेचं काय सांगू? पाच इंची हील्समध्ये दहा मिनिटं पोट आत, खांदे बाहेर, चेहऱ्यावर मंगळागौरीचं हसू. सहाजणींत चौथी आले. मांड्यांमध्ये मार खाल्ला. पाठ मात्र चांगली होती, हे मीच सांगते.

घरी आले ती थेट गॅसपाशी. चार अख्खी अंडी, भरपूर कांदा, लोणी. नवऱ्यालाही अर्धं वाढलं. त्याने ताट हळूच बाजूला सरकवलं आणि खिशातून रक्ताचा रिपोर्ट काढला. कोलेस्टेरॉल. डॉक्टरांनी बलक बंद केलाय.

सकाळी त्याच्यासाठी अंडी फोडली, पांढरं तव्यात टाकलं. सासूबाईंनी दारातून वाडगं पाहिलं, मग मला पाहिलं, आणि काही न विचारता माझ्यासमोर आणून ठेवलं.