चार दिवसांची बाग, पस्तीस दिवसांची गच्ची

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही लांबलंय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी तुमचा मुद्दा आधी सांगतो. मुलुंडच्या टेरेस फ्लॅटला लागून तुमची वीस बाय वीस फुटांची गच्ची आहे. नर्सरीवाला चार दिवसांत बाग उभी करून द्यायला तयार आहे. झाडं लावायला पावसाळ्यासारखा मुहूर्त नाही. असं असताना 'फेब्रुवारीत सुरुवात करा, दीड महिना धरा' हा माझ्या गच्चीबागेवरच्या लेखातला सल्ला म्हणजे लोकांना उगाच घाबरवणं आहे, असं तुम्ही लिहिलंत.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. लेखात बाल्कनी आणि गच्ची वेगळी करायला हवी होती, ती केली नाही. बाल्कनीत कुंड्या मांडायला चार दिवससुद्धा जास्तच झाले. झाडं पावसात लावावीत हेही अगदी बरोबर. पण लावणी हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे, आणि त्याआधीची सगळी कामं कोरडी गच्ची मागतात.

दिवस मोजूनच पाहू. उताराचा कोबा, म्हणजे पाणी वाहून जावं म्हणून उतार देऊन घातलेला सिमेंटचा थर, तीन दिवस; त्यावर पाणी साठवून क्युरिंग, म्हणजे सिमेंट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं, दहा दिवस. वॉटरप्रूफिंगचे दोन हात दोन दिवसांत, सुकायला तीन. पाणी साठवून चाचणी तीन दिवस. कोटिंगला खुरपं लागू नये म्हणून वर सिमेंटचा पातळ थर, एक दिवस, आणि त्याचं क्युरिंग सात. वाफ्यांच्या पेट्या व पाइप तीन, माती भरणं तीन. झाले पस्तीस. त्यातले मजुरांचे दिवस फक्त बारा. उरलेल्या तेवीस दिवसांत सिमेंट मुरतं, कोटिंग सुकतं किंवा पाणी उभं राहतं. तिथे दुप्पट माणसं लावून काही होत नाही. रविवारी सोसायटी ठोकाठोक करू देत नाही, ते दिवस धरले की काम चाळीस दिवसांच्या आसपास जातं, म्हणून दीड महिना धरायचा. तुमच्या नर्सरीवाल्याचे चार दिवस खोटे नाहीत. ते पेट्या, माती आणि रोपं एवढ्याचेच आहेत.

फेब्रुवारी कशाला? मुंबईत मान्सून दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. तिथून उलट मोजत या. माती मेअखेर भरलेली हवी, म्हणजे पाणी घालून ती बसते आणि दोन-तीन इंचांची भर वेळेत टाकता येते. कोबा एप्रिलमध्ये, कारण मार्चपर्यंत दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे सोसायटीत हातोडा चालवू देत नाहीत, आणि मे उजाडला की अर्धे मजूर गावी गेलेले असतात. इंजिनिअरची भेट मार्चमध्ये. सोसायटीला पत्र फेब्रुवारीत, कारण कमिटीची बैठक महिन्यातून एकदा.

इंजिनिअर हा फाजील खर्च आहे, असंही तुम्ही म्हणालात. इमारतींवरच्या भारांसाठीचं भारतीय मानक आयएस 875, त्याप्रमाणे वापरात असलेल्या गच्चीसाठी चलभार, म्हणजे माणसं-सामान यांचं वजन, धरतात चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो. पंधरा इंच खोल वाफ्यात ओली लाल माती भरली तर चौरस मीटरला पावणेसातशे किलोंच्या घरात जाते. कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी माती असं हलकं मिश्रण घेतलं तरी भिजल्यावर चारशेच्या आसपास. म्हणून वाफे बीमवर किंवा भिंतीलगत घ्यायचे, आणि बीम कुठून गेलाय ते नर्सरीवाल्याला दिसत नाही. त्यात जुना कोबा न काढता त्यावरच नवा ओढतात, की वजनात चौरस मीटरला आणखी जवळपास दोनशे किलोंची भर.

पाण्याच्या चाचणीवर तुम्ही हसलात, पण सगळ्यात जास्त पस्तावा तीच टाळल्यामुळे होतो. गच्चीचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपचं तोंड बंद करून वरच्या टोकाला इंचभर पाणी राहील एवढं भरायचं. शंभराला एक उतार असेल तर खालच्या टोकाला साडेतीन इंच होतं. तुमच्या गच्चीला साधारण दोन हजार लिटर लागेल, तेव्हा पाणीकपात जाहीर होण्याआधी उरका. भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी एका बादलीत पाणी भरून तिच्यातही खूण करा. अठ्ठेचाळीस तासांनी बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढं उन्हाने नेलं. गच्चीवरचं त्याहून जास्त उतरलं असेल, तर ते खालच्यांच्या छतात मुरतंय. खालच्या घरात सकाळ-संध्याकाळ नजर टाकायची परवानगी आधीच घ्या. बंद केलेल्या पाइपमधला गोणपाट नंतर पूर्ण काढला की नाही तेही तपासा. त्याचा तुकडा आत राहतो आणि जुलैत गच्चीचं तळं होतं.

हीच कामं जूनमध्ये काढली तर? ओलसर स्लॅबवर पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग मारलं की आतली वाफ ऊन पडताच वर येते आणि फुगे धरतात. सिमेंटवाल्या कोटिंगला ओलावा चालतो, पण सेट व्हायच्या आत सर आली की ते धुऊन जातं. तासाला शंभर मिलिमीटर पाऊस कोसळला तर तुमच्या गच्चीवर तासाभरात सदतीसशे लिटर पाणी पडतं. म्हणून पाइप निदान दोन हवेत, त्यांवर घुमटासारखी जाळी हवी आणि पेट्या जमिनीपासून दोन इंच उचललेल्या. सपाट जाळी बोगनवेलीच्या पाकळ्यांनीच तुंबते.

आता मे अर्धा सरलाय. यंदा कोब्याचं काम हाती घेऊच नका. बारा इंची वीस-पंचवीस कुंड्या हलकं मिश्रण भरून स्टँडवर, भिंतीच्या कडेने मांडा. तगर, एक्झोरा, कढीपत्ता हे सगळं पंधरा जूनच्या पुढे आणा, मेच्या उन्हात आणून सुकवू नका. फटीत पिंपळ-वडाचं रोप दिसलं तर बोटभर असतानाच मुळासकट उपटा. मोठं काम दिवाळीनंतर काढा. तोवर स्लॅब कोरडा झालेला असेल, आणि यंदाच्या पावसात पाणी कुठे साचतं तिथे खडूने खुणा करून फोटो काढून ठेवलेत, तर उतार कुठे द्यायचा ते कंत्राटदाराला दाखवता येईल.